परदेशी शिक्षण: तक्त्यात नसलेला रकाना

“मॅडम, माझी सगळी तयारी झाली आहे. फक्त ‘परदेशात का शिकायचे आहे?’ असे कोणी विचारले, की माझी बोबडी वळते.” पहिल्या भेटीत तिने एवढेच सांगितले आणि मांडीवरचा लॅपटॉप उघडला. समुपदेशनाच्या कामात ही तक्रार मी वर्षातून अनेकदा ऐकते. शब्द बदलतात, कोणाला एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबतचे ‘हे शिक्षण का हवे’ याचे निवेदन, लिहायला सुचत नाही, कोणाला व्हिसाच्या मुलाखतीची धास्ती असते, कोणी घरच्यांच्या प्रश्नांना कंटाळलेले असते. मुळाशी बहुतेक वेळा अडचण एकच असते: निर्णय आधी झालेला असतो आणि त्याचे कारण नंतर शोधणे चालू असते. तिची हकीगत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

ती सव्वीस वर्षांची स्थापत्य अभियंता होती आणि चार वर्षे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करत होती. लॅपटॉपवर तिने बनवलेला तक्ता खरोखर देखणा होता. चार देशांतले अकरा अभ्यासक्रम, प्रत्येकासमोर विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, शुल्क, अर्जाची अंतिम तारीख, शिकताना आठवड्याला किती तास काम करता येते आणि पदवीनंतर किती काळ राहता येते, असे रकाने. खात्रीचे प्रवेश हिरव्या रंगात, अवघड ते पिवळ्या रंगात. अकरा ओळींत डेटा सायन्स होते, बांधकाम व्यवस्थापन होते, बिझनेस अ‍ॅनालिटिक्स होते आणि अगदी तळाशी पिवळ्या रंगात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा, पूरव्यवस्थापनाशी संबंधित एक अभ्यासक्रम होता. इतकी भिन्न शास्त्रे एकाच व्यक्तीला सारख्याच ओढीने शिकावीशी वाटत असतील, यावर माझा विश्वास बसला नाही, पण तसे मी तेव्हा बोलले नाही.

येथे मला एक कबुली द्यावी लागेल. पहिली दोन सत्रे मी चुकीच्या दिशेने नेली. बोबडी वळते म्हणजे मुलाखतीची भीती, असे गृहीत धरून मी तिच्याकडून उत्तरांचा सराव करून घेतला. तिच्या यादीत ऑस्ट्रेलियाही होता. तेथील विद्यार्थी व्हिसाच्या अर्जात मार्च २०२४ पासून ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी आली आहे आणि हाच अभ्यासक्रम का, हाच देश का, अशा प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दीडशे शब्दांच्या आत लिहावी लागतात. तिने ती सफाईने लिहिली. ‘जागतिक दर्जाचे शिक्षण’, ‘बहुसांस्कृतिक वातावरण’, ‘आपल्या विद्यापीठाची कीर्ती’. तिसऱ्या भेटीत तिने चार एसओपी छापून आणल्या, तेव्हा त्यातल्या एकीत मधल्या परिच्छेदात दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव राहून गेलेले दिसले. ती ओशाळली. मला मात्र त्या चुकीने जागे केले. ज्या मजकुरात नाव बदलले तरी काहीच बिघडत नाही, तो कितीही घोटून पाठ केला तरी सांगताना जीभ अडखळणारच.

मग मी तक्त्याकडे वळले आणि विचारले, “या अकरांपैकी कोणत्याही एका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये शिकवला जाणारा एक विषय सांगा.” तिला सांगता आला नाही. विद्यापीठांच्या क्रमांकाबद्दल मात्र ती भरभरून बोलली. या क्रमवारीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण पालकांचाही क्रमवारीवर फार भरवसा असतो. २००३ साली सुरू झालेली शांघायची क्रमवारी माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मिळालेली नोबेल पारितोषिके आणि गणितातली फील्ड्स पदके मोजते. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या क्रमवारीत सर्वांत मोठा वाटा जगभरच्या प्राध्यापकांच्या मतचाचणीचा असतो. ही माहिती निरुपयोगी नाही, पण दुसऱ्या सेमिस्टरमध्ये कोण काय शिकवणार आहे, हे ती सांगत नाही. त्यातच तिला सल्ला देणारी कन्सल्टन्सी विनाशुल्क होती. अनेक विद्यापीठे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, हे तिला ठाऊक नव्हते. तसे कमिशन घेणारे सगळे खोटे सल्ले देतात, असे मी म्हणणार नाही, परंतु ‘जाऊ नका’ हा सल्ला त्यांच्याकडून मिळण्याची शक्यता कमी, एवढे समजून असावे.

त्या दिवशी मी तिच्यासमोर एक काल्पनिक अट ठेवली. “समजा, शिक्षण पूर्ण होईल, पदवी मिळेल, पण ती कोणत्या देशात आणि कोणत्या विद्यापीठात मिळवली, हे तुम्हाला कधीच कोणाला सांगता येणार नाही. नातेवाइकांना नाही, मैत्रिणींना नाही, समाजमाध्यमांवर तर नाहीच. मग यातल्या कोणत्या ओळी ठेवाल?” तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. नंतर एकेक ओळ पुसायला सुरुवात केली. पहिल्या चार भराभर गेल्या. पाचव्या ओळीवर ती थांबली, “ही माझ्या मैत्रिणीमुळे आहे,” असे स्वतःशीच म्हणाली आणि तीही पुसली. शेवटी दोन उरल्या: बांधकाम व्यवस्थापनाची एक आणि तळाची ती पिवळी.

मानसशास्त्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेची जी मांडणी केली, तिच्यात एक भेद मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. काही गोष्टी आपण बक्षिसासाठी किंवा शिक्षेच्या भीतीने करतो, हे सहज ओळखता येते. काही गोष्टी मात्र अशा असतात, की बाहेरचे कोणी सांगत नसते, तरी त्या केल्या नाहीत तर आपल्याला कमीपणा किंवा अपराधी वाटते. दुसऱ्यांची अपेक्षा गिळलेली असते, पण पचलेली नसते. आणि काही गोष्टी कष्टाच्या असूनही आपल्याला मनापासून पटलेल्या असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दुसरी आणि तिसरी अवस्था सारखीच दिसते, कारण दोन्हींत माणूस स्वतःहून धडपडत असतो. फरक अडचण आली की कळतो. परक्या देशात पहिल्या काही महिन्यांतले कौतुक ओसरल्यावर एकटेपणाचा आणि चिडचिडीचा जो काळ अनेकांच्या वाट्याला येतो, त्या काळात ‘सगळे गेले म्हणून मी आले’ हे कारण फारसे कामी येत नाही.

पिवळ्या ओळीबद्दल विचारल्यावर ती पहिल्यांदाच अडखळली नाही. एका नाल्याचा आराखडा तिने स्वतः केला होता, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी तसा किंवा त्याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता चार टक्के, हे तिने मला कागदावर मांडून समजावले. तो नाला तीन वर्षांत दोनदा भरून वाहिला. कार्यालयात ठरले, रुंदी वाढवा. “पण मॅडम, दर वेळी रुंदीच वाढवायची का? पाण्याला बसायलाच जागा दिली तर?” मग ती नेदरलँड्सबद्दल बोलू लागली. १९५३च्या समुद्राच्या पुरानंतर त्या देशाने प्रचंड बांध आणि दरवाजे उभारले. पण १९९५ साली नद्यांनाच एवढे पाणी आले, की सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा मोकळी करून देण्याचे काम हाती घेण्यात आले. नाइमेखनजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला आणि नदीला एक जादा पात्र खोदून दिले. हे सगळे तिने कन्सल्टन्सीकडून ऐकलेले नव्हते. रात्री जेवणानंतर वाचत बसण्याचा हा तिचा विषय होता. एवढे असून ही ओळ तळाशी का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तिथे आठवड्याला सोळाच तास काम करता येते. आणि त्या गावाचे नाव कोणाला माहीत नसते.”

यावर ‘बघा, सापडले तुमचे कारण’ असे म्हणण्याचा मोह मी टाळला. आवड हे कारण असते, पण परदेशी जाण्याचे कारण होण्यासाठी ते पुरेसे नसते. तोच विषय घरी राहून, नोकरी करत शिकता येतो का, हे तपासावेच लागते. शिवाय तिच्या मनात दुसरेही एक कारण होते, जे ती हळू आवाजात बोलली. तिला कामाचा कंटाळा आला होता. वरिष्ठ तिच्या आराखड्यांवर स्वतःची सही करत आणि घरी तिच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क होता. सुटका हवी असणे यात लाजण्यासारखे काही नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांनी ही इच्छा उघड मान्य केली, त्यांना निर्णय घेणे सोपे गेले आहे. अडचण एवढीच, की सुटका हेच मुख्य कारण असेल तर कोणताही देश आणि कोणताही अभ्यासक्रम चालतो, आणि नेमके तसेच तिच्या अकरा ओळींत घडले होते. मी तिला सुटकेसाठी वेगळा कागद करायला सांगितले: नोकरी बदलून, वेगळे राहून, रजा घेऊन यातले काय काय सुटेल? बरेच सुटण्यासारखे निघाले. सहीचा प्रश्न तर नोकरी बदलूनच सुटणारा होता.

दरम्यान तिला एक गृहपाठ दिला होता. ‘नोव्हेंबरातला एक मंगळवार’ लिहायचा, सकाळपासून रात्रीपर्यंत. दोन्ही उरलेल्या अभ्यासक्रमांसाठी वेगवेगळा आणि त्यांचे वेळापत्रक व मॉड्यूल हँडबुक (विषयांची माहितीपुस्तिका) वाचून. मंगळवार यासाठी, की तो ना आठवड्याची सुरुवात ना सुटीची चाहूल. आणि नोव्हेंबर, कारण युरोपात तोवर दिवस आखूड झालेला असतो आणि नवलाई संपलेली असते. बांधकाम व्यवस्थापनाच्या मंगळवारी तिने बर्फ लिहिला, ग्रंथालय लिहिले, कॉफी लिहिली. त्यात एकही माणूस नव्हता आणि एकही विषय नव्हता. डेल्फ्टच्या मंगळवारी सकाळी संगणकावर नदीच्या प्रवाहाचे प्रतिमान होते, दुपारी ते बरोबर येत नव्हते, एका सहाध्यायाशी वाद झाला होता आणि संध्याकाळी अंधारात सायकलवरून परतताना तिला घरची आठवण येऊन रडू आले होते. दुसरा मंगळवार पहिल्याहून दुःखी होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “हा मला चालेल.”

नोकरी आणि स्थलांतर ही कारणे हलकी आहेत, असा माझ्या सांगण्याचा अर्थ कोणी काढू नये. कर्ज काढून जाणाऱ्याने मिळकतीचा विचार केलाच पाहिजे. पण हे कारण दुसऱ्यांच्या धोरणावर उभे असते, याचे भान हवे. ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची सोय एप्रिल २०१२मध्ये बंद केली आणि जुलै २०२१मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू केली. मधल्या नऊ वर्षांत ज्यांनी त्याच आशेने योजना आखल्या, त्यांचे काय झाले असेल याचा विचार करावा. कॅनडाने जानेवारी २०२४मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा जाहीर केली. नेदरलँड्समध्ये पदवीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करून एक वर्षाचा नोकरी शोधण्याचा परवाना मिळतो, तोही आजचा नियम आहे. म्हणून मी सगळ्यांनाच दोन हिशेब करायला सांगते: तेथे नोकरी मिळाली तर हप्ते कसे फिटतील आणि मिळाली नाही, परत येऊन येथील पगारावर फेडायचे झाले, तर किती वर्षे लागतील. दुसरा हिशेब करायला फार थोडे जण तयार होतात. तिलाही त्यासाठी दोन आठवडे लागले.

तोपर्यंत डेल्फ्टच्या अभ्यासक्रमाच्या अर्जाची मुदत टळून गेली होती. मैत्रिणीबरोबर निघता यावे म्हणून यादीत घेतलेल्या विद्यापीठाचा हिरवा प्रवेश हातात होता, तोही तिने सोडला. त्यावरून घरात मोठी कुरबूर झाली आणि शेवटच्या सत्राला तिचे वडील तिच्याबरोबर आले. कर्जाला जामीन तेच राहणार होते. ते माझ्याशी न बोलता थेट तिच्याशीच बोलले, हे मला आवडले. “मिळालेला प्रवेश सोडलास. वर्ष वाया घालवलेस. उद्या तिकडे नोकरी नाही मिळाली तर?”

तिने लॅपटॉप काढला नाही. पर्समधून घडी केलेला एक कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. एका बाजूला तेथील पगारावरचा हिशेब होता. दुसऱ्या बाजूला परत आल्यावरचा, महिन्याचा हप्ता, वर्षे आणि त्या काळात ज्या गोष्टी करता येणार नाहीत, त्यांची यादी. वडिलांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. एका आकड्यावर बोट ठेवून त्यांनी व्याज कसे धरले ते विचारले, तिने सांगितले, त्यांनी मान हलवली.

“ही दुसरी बाजू तुझ्या त्या रंगीत तक्त्यात नव्हती,” ते म्हणाले.

“नव्हती, बाबा,” ती म्हणाली. “तेव्हा मी परत येणारच नाही, असे धरून चालले होते.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला आणि अर्ज कोणत्या महिन्यात सुरू होतात, ते विचारले.