वाचकांचे प्रश्न : किट लेन्सनंतर कोणती लेन्स घ्यावी?

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स (किट लेन्स) वापरून झाली की पुढची लेन्स कोणती, हे विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. किमती दर महिन्याला हलतात, म्हणून उत्तरांत रुपयांचे आकडे टाळले आहेत.

कॅनन १५००डी आणि १८-५५ आहे. गौरी-गणपतीत घरातले संध्याकाळचे फोटो हललेले येतात. सगळे म्हणतात ‘५० एमएम घे’. खोली दहा बाय दहाची आहे. घेऊ का? – एक वाचक, पुणे

फोटो हलतात याचं कारण आधी पाहू. तुमची १८-५५ पंचावन्नवर नेली की तिचं छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठं उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). ५० मिमी एफ/१.८ त्याच्या साडेनऊपट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे शटर १/१५ सेकंद मिळत होता, तिथे त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेवर) १/१२५ आरामात मिळतो. किट लेन्समधलं आयएस तुमच्या हाताची थरथर सावरतं. आरतीचं तबक ओवाळणारा हात थांबवणं त्याच्या आवाक्यातलं नाही, त्याला शटरच वेगवान लागतो. इथवर सल्ला देणारे बरोबर आहेत.

अडचण खोलीची आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२.३ मिमी रुंद, त्यामुळे ५० मिमी लेन्स बरीच जवळची वाटते. साडेपाच फुटी माणूस उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा सोडून घ्यायचा तर सुमारे १४ फूट मागे जावं लागतं. २४ मिमीला त्यासाठी पावणेसात फूट पुरतात. दहा बाय दहाच्या खोलीत ५० मिमीने चेहरे, हात, तबक, मूर्तीचा मुकुट हे सुरेख येईल. मखर आणि त्याच्यासमोर बसलेलं कुटुंब मात्र एका चौकटीत येणार नाही.

पैसे घालण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. १८-५५ ची झूम रिंग ५० वर ठेवून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि एक संध्याकाळ घरात तेवढ्यावरच फोटो काढा. पाठ सारखी भिंतीला टेकत असेल तर ५० तुमच्यासाठी नाही. मग २४ मिमी एफ/२.८ एसटीएम (कॅननची नव्या फोकस मोटरची लेन्स) घ्यावी का? लेन्स छान, चपटी, वजन जेमतेम १२५ ग्रॅम. पण किट लेन्ससुद्धा २४ वर एफ/४च्या आसपास उघडते, म्हणजे प्रकाशाचा फायदा फक्त दुप्पट. आमचं मत : चेहरे टिपायचे असतील तर ५० घ्या, आणि पूर्ण खोलीसाठी १८-५५ च ठेवून आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त चढवा.

५० घेतलीत तर एफ/१.८ वर अडकून पडू नका. दीड मीटरवरून त्या छिद्राला जेमतेम सहा सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. एक डोळा धारदार आणि कान धूसर, असं होतं. दोघांचे चेहरे असतील तर किमान एफ/२.८, आणि दोघं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. फोकससाठी मधला बिंदू वापरा, या कॅमेऱ्यात तोच सर्वांत भरवशाचा. आणि एलईडी माळांच्या उजेडात शटर १/१०० च्या वर नेलात तर फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त माळ सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. अशा वेळी १/१०० किंवा १/५० वर या.

बाजारात ५० एफ/१.८ ची जुनी ‘टू’ आवृत्तीही मिळते. तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारं कडं) प्लास्टिकचा, मोटर किरकिरी, आणि ती ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस घेत नाही. एसटीएमचा माउंट धातूचा, आणि ती ३५ सेंटिमीटरवर घेते. फरक थोड्याच पैशांचा असेल तर एसटीएम घ्या.

निकॉन डी५३०० साठी दुकानदार ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात देतोय. काच तीच, उगाच ‘जी’ला जास्त पैसे कशाला, म्हणतो. – एक वाचक, नागपूर

घेऊ नका. ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. ती मोटर कॅमेऱ्यात असावी लागते. डी९० किंवा डी७००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती आहे, डी३००० आणि डी५००० मालिकांत नाही. कॅमेऱ्याचा माउंट समोरून पाहा : मोटर असेल तर कडेला स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा छोटा दांडा दिसतो. तुमच्याकडे तो नसेल. ही लेन्स लावून प्रकाशाचं मोजमाप होईल, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने फिरवावा लागेल. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका फोकस साधला की पेटतो, एवढीच मदत. शिवाय लेन्सवरची छिद्राची रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ वर, लॉक केली नाही तर पडद्यावर ‘एफईई’ झळकतं आणि शटर दाबलाच जात नाही. पुष्कळ जण लेन्स बिघडली समजून परत करतात ती इथेच.

नावात ‘एएफ-एस’ असेल तर मोटर लेन्समध्येच आहे. तुमच्यासाठी एएफ-एस ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स (डीएक्स म्हणजे तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठीची) जास्त उपयोगी : वजन २०० ग्रॅम, फिल्टर ५२ मिमीचा, आणि उभ्या माणसाचा पूर्ण फोटो सव्वानऊ-साडेनऊ फुटांवरून येतो. चेहरेच काढायचे असतील तर एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी.

‘एएफ-पी’ लिहिलेल्या लेन्स वेगळ्या, त्यांची मोटर नव्या प्रकारची. त्या डी५३०० वर चालतात, पण कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर ते आधी अद्ययावत करावं लागतं. डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० यांच्यावर त्या फोकस करतच नाहीत. मित्राकडून उसनी आणताना हे ध्यानात असू द्या.

उजनीवर पक्षी टिपायचे आहेत. कॅननची ७५-३०० की ५५-२५०? तीनशे म्हणजे जास्त जवळचं ना? – एक वाचक, इंदापूर

आकड्यावर जाऊ नका. बाजारात सहज मिळणाऱ्या ७५-३०० ‘थ्री’मध्ये आयएस नाही, आणि ३०० वर तिचं चित्र मऊ येतं. त्या टोकाला हातात धरून निदान १/५०० शटर हवा, सकाळच्या कोवळ्या उजेडात तो मिळवायला आयएसओ भरमसाठ चढवावा लागतो. ५५-२५० आयएस एसटीएम २५० लाच थांबते, पण तिथे ती धारदार आहे आणि वजन ३७५ ग्रॅम.

काय मिळेल याचा अंदाज देतो. सव्वा मीटर उंचीचा रोहित (फ्लेमिंगो) होडीतून ३० मीटरवर असेल तर २५० मिमीवर आडव्या चौकटीची सुमारे दोन तृतीयांश उंची भरतो. तेवढं झकास आहे. साधारण २८ सेंटिमीटर लांबीचा खंड्या १० मीटरवर चौकटीच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग घेतो, २० मीटरवर त्याच्या निम्मा. त्यापलीकडे लहान पक्ष्यांची आशा सोडा. होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर १/१००० च्या खाली आणू नका, आयएस पंख गोठवत नाही.

निकॉनवाल्यांसाठी : ७०-३०० एएफ-पी डीएक्स दिसायला एकसारख्या दोन मिळतात, एक ‘व्हीआर’ची (निकॉनचं आयएस) आणि एक त्याविना. नावात ही दोन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वापरलेली लेन्स घ्यायची आहे. काय तपासावं? आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते. – एक वाचक, चिपळूण

बुरशीपासूनच सुरुवात करू. दोन्ही टोप्या काढा, मोबाइलचा दिवा एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने तिरकं पाहा, मग उलट करा. धुळीचे चार कण असले तरी फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे म्हणजे बुरशी, आणि दुधाळ धुरकटपणा दिसला तरीही लेन्स घेऊ नका. साफ केली तरी काचेवरचा लेप खाल्लेला असू शकतो. इथे एक गोम आहे : निकॉनच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेऱ्याबाहेर बंद असतं, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. मागच्या बाजूची छोटी पट्टी नखाने सरकवून धरा म्हणजे पाती उघडतील. (एफच्या आकड्याला ‘ई’ जोडलेल्या नव्या लेन्सना ही पट्टी नसते.) कॅननच्या ईएफ लेन्सचं छिद्र उघडंच असतं.

मग लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावा. छिद्र एफ/८ करून झूमच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक फोटो काढा. जुन्या १८-५५ मध्ये झूमबरोबर दुमडणारी आतली पट्टीवजा तार झिजते. पूर्ण उघड्या छिद्रावर पाती हलत नाहीत म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि एफ/८ वर मधेच एखाद्या टप्प्यावर ‘एरर ०१’ येतो. संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसूनही तो गेला नाही, तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो.

तिसरी तपासणी पडलेल्या लेन्सची. भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान सपाट चिकटवा, कॅमेरा तिपाईवर भिंतीला समांतर ठेवा, एफ/५.६ वर फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही थोडे मऊ असतील तर ते स्वस्त लेन्सचं लक्षण. एकच कोपरा वाहून गेलेला असेल तर आतली काच कलली आहे. फिल्टरच्या आट्यांवर ठोका पडला असेल तर ही परीक्षा चुकवूच नका.

घरी आणल्यावर : हवाबंद झाकणाचा प्लास्टिक डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. केशरी मणी घ्या, ते ओले झाले की हिरवे होतात. निळ्या मण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते वाळवायला स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. कॅमेऱ्याची बॅग आणि चामडी खोळ कपाटात कितीही बंद ठेवली तरी ओल धरतेच.

कासची फुलं जवळून काढायला स्वस्तातली मॅक्रो कोणती? – एक वाचक, सातारा

आधी आहे ती १८-५५ पंचावन्नवर नेऊन पाव मीटरवर फोकस करून पाहा. कॅननची १८-५५ आयएस टू सेन्सरवर वस्तूच्या ०.३४ पट प्रतिमा देते, ५० एसटीएम फक्त ०.२१ पट. तेवढं अपुरं वाटलं तर ५० च्या मागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (बिनकाचेचं पोकळ कडं) लावा, पट ०.७ च्या आसपास जातो. ट्यूबला विजेचे संपर्कबिंदू हवेतच. बिनसंपर्काच्या स्वस्त ट्यूबवर कॅननचं छिद्र बंद करता येत नाही आणि फुलाची एकच पाकळी स्पष्ट येते.

आता सगळे मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) चाललेत. डीएसएलआरच्या लेन्समध्ये पैसे घालावेत का? – एक वाचक, ठाणे

स्वस्तात काम भागवायचं असेल तर हीच वेळ चांगली, कारण लोक आपापल्या लेन्स विकायला काढताहेत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टरने आरएफ (कॅननच्या मिररलेस) कॅमेऱ्यांवर चालतात, ऑटोफोकससकट. मात्र फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) आरएफवर लहान सेन्सरसाठीची ईएफ-एस लावली की कॅमेरा चित्राचा मधला भागच घेतो. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या एफटीझेड अडॅप्टरवर फोकस करतात. ५० मिमी एफ/१.८डी सारख्या बिनमोटरच्या लेन्स मात्र एफटीझेडवरही हातानेच फिरवाव्या लागतात, त्यात मोटर नाही.