भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो जनुकांतून येतो असं म्हणतात, मग उत्क्रांतीने तो पुसून का टाकला नाही? आणि मला होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडते. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला स्किझोफ्रेनिया असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात नऊ-दहा धरतात. एरवी कुणालाही ती शंभरात एकच्या आसपास असते. वाढ मोठी आहे हे खरं, पण शंभरातल्या नव्वद भावंडांना तो होत नाही हेही तितकंच खरं. तुम्ही वय लिहिलेलं नाही. तिशी उलटली असेल तर धोका आणखी कमी धरा, कारण हा आजार बहुतेकदा पंधरा ते तीस या वयात डोकं वर काढतो. बायकांमध्ये काहींना पाळी जाण्याच्या सुमारासही सुरू होतो, पण ते प्रमाण कमी.

प्रश्नाच्या खाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: 'नातेवाईक म्हणतात, हे आईच्या रक्तातून आलं.' ती वाचली आणि मी लिहायला बसले.

माझा दादा एकोणिसाव्या वर्षी आजारी पडला. आधी झोप गेली, मग कॉलेज सुटलं, मग त्याने घरातल्या सगळ्या प्लगच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, कारण त्यातून कुणीतरी ऐकत होतं. ज्या समुपदेशकांकडे आम्ही त्याला पहिल्यांदा नेलं, त्यांनी दादाला बाहेर बसवलं आणि आईची उलटतपासणी घेतली. लहानपणी त्याला जवळ घ्यायचात का? राग आला की अबोला धरायचात का? नोकरीमुळे त्याच्याकडे दुर्लक्ष झालं का? आईने प्रत्येक उत्तर खरं खरं दिलं. घरी आली आणि तिने एक कोरी वही काढली. दादाच्या जन्मापासून आपल्या हातून काय काय चुकलं त्याची यादी ती त्यात लिहू लागली. सातव्या महिन्यात अंगात ताप असताना कामावर गेले. तिसरीत गणिताच्या पेपरावरून थोबाडीत मारली. बहीण झाली तेव्हा याला आजीकडे ठेवलं. ती बहीण म्हणजे मी. त्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली होती.

आईवर खापर फोडायची ही कल्पना त्या समुपदेशकांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ साली 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' असा शब्दप्रयोग केला आणि पुढची काही दशकं लाखो आयांनी तो अंगावर घेतला. स्वमग्न मुलांच्या आयांनाही त्याच काळात 'थंड' ठरवलं गेलं. या कल्पनेच्या मुळावर घाव घातला तो दत्तक मुलांच्या अभ्यासांनी. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ साली अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं, जन्मल्यावर लगेचच आईपासून दूर झालेली आणि दुसरीकडे वाढलेली. त्यातल्या पाचजणांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया झाला. तशीच दूर वाढलेली, पण आई आजारी नसलेली ५० मुलं तुलनेला घेतली होती, त्यांत एकालाही नाही. डेन्मार्कमधल्या दत्तक-नोंदींवरून पुढे झालेल्या अभ्यासांतही कल तोच दिसला. आई कशी वागली हा मुद्दाच उरला नाही, कारण ती आई मुलाच्या आयुष्यात नव्हतीच.

हे मी आईला ओळ न् ओळ समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या पाचजणांना ज्यांनी सांभाळलं, त्या बायकांनी स्वतःला किती दोष दिला असेल गं?"

जेवायला बसल्यावर तेच मी काकांपुढे मांडलं. काका हुशार, शिकलेले. त्यांनी एका मिनिटात निष्कर्ष काढला: "म्हणजे रक्तातच आहे. आणि आमच्याकडे तर असं कुणी नाही." आईचे एक मामा तरुणपणी घर सोडून गेले होते ते परत आले नाहीत. तेवढ्या पुराव्यावर काकांनी त्या मामांचं निदानही करून टाकलं. कालपर्यंत आईचं वागणं वाईट होतं, आता तिचं माहेर वाईट झालं.

तेव्हा नीट बोलता आलं नाही, ते आता लिहिते. तुमच्या नातेवाइकांनाही वाचायला द्या.

हंटिंग्टनचा आजार, म्हणजे मेंदू हळूहळू निकामी करणारा एक आजार, एका जनुकातून येतो. ते सदोष जनुक १९९३ मध्ये सापडलं. आई किंवा बापाकडे ते असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तिथे 'कुणाकडून आलं' हा प्रश्न विचारता येतो. स्किझोफ्रेनियाचं तसं नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या, आणि यादी अजून पुरी झालेली नाही. या जागांवरच्या एकेका जनुकीय फरकाचा परिणाम चिमूटभर असतो. ते फरक सगळ्यांकडे थोडे थोडे असतात, काकांकडेही. मूल होताना दोन्हीकडचे पत्ते पिसले जातात आणि एखाद्याच्या हातात जड डाव येतो. म्हणूनच स्किझोफ्रेनिया असलेल्या बहुतेकांच्या आईबापांपैकी कुणालाही तो नसतो. 'आमच्याकडे कुणी नाही' यातून काहीच सिद्ध होत नाही.

काही वेळा तर फरक कुणाकडून येतच नाही, नव्याने होतो. २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला तर साधारण चारातल्या एकाला पुढे स्किझोफ्रेनिया किंवा तशाच प्रकारचा आजार होतो, आणि हा तुकडा बहुतेकदा त्या मुलातच पहिल्यांदा गळालेला असतो. बापाचं वय जास्त असेल तर मुलाचा धोका थोडा वाढतो, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हे मात्र मी घरात कधी काढलं नाही. आईच्या हातातली वही बाबांच्या हातात द्यायची मला इच्छा नव्हती.

'८० टक्के आनुवंशिक' हा आकडाही लोक ठोकून देतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो खरंच साधारण तेवढा येतो. पण त्याचा अर्थ तुमच्या भावाच्या आजारातला ८० टक्के भाग जनुकांचा, असा नाही. तो आकडा सबंध लोकसमूहातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला तो फार तर निम्म्या वेळा होतो. जनुकं सारखीच, तरी निम्मे सुटतात.

आता उत्क्रांती. स्वीडनमधल्या नोंदींवरचा २०१३ चा अभ्यास सांगतो की स्किझोफ्रेनिया असलेल्या पुरुषांना इतरांच्या साधारण एक चतुर्थांश मुलं होतात. त्यांच्या बहिणींना किंचित जास्त होतात, पण त्याने तूट भरून निघत नाही. मग हिशेबाने हा आजार संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण नैसर्गिक निवडीची कात्री मोठा घात करणाऱ्या फरकांवर चालते, म्हणून तसे फरक दुर्मीळ आणि नवे असतात. चिमूटभर परिणामाचे फरक कात्रीतून निसटतात. आणि मेंदू घडवायला हजारो जनुकं लागतात, त्यामुळे नवे दोष पडायला जागाही भरपूर.

'ही प्रतिभेची किंमत आहे' हा सिद्धान्त मला मुळीच पटत नाही. जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सली आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच या जनुकांचा काहीतरी छुपा फायदा असावा असं मांडलं होतं. आइसलँडमधल्या २०१५ च्या अभ्यासात कलाक्षेत्रातल्या लोकांमध्ये असे फरक थोडे जास्त दिसले, पण ते अगदीच थोडे. दादाला आवाज ऐकू येतात तेव्हा त्याला कविता सुचत नाहीत, तो कानात बोटं घालून बसतो. भीतीचं वेगळं आहे. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांच्या प्रयोगांत माकडं दुसऱ्या माकडाला सापाला घाबरताना चित्रफितीत बघून सापाची भीती शिकली, फुलाची भीती मात्र तशीच फीत दाखवूनही शिकली नाहीत. चिंता, भीती यांमागे उपयोग होता हे पटतं. प्रत्येक आजारामागे उपयोग शोधत बसू नये.

काका आणखी एक वाक्य बोलले होते, माझ्याकडे बघून: "अशा घरांनी वंश वाढवू नये." हा प्रयोग जगात करून झालेला आहे. जर्मनीत १९३३ साली कायदा करून सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी केली गेली, त्यात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने होते. १९३९ पासून तर रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आलं. एवढं होऊनही युद्धानंतर तिथे स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण घटलेले दिसले नाहीत. घटणार कसे? ते फरक मारणाऱ्यांच्या अंगातही होतेच.

तर, मुलं हवी असतील तर होऊ द्या. आईला किंवा वडिलांना हा आजार असतो तेव्हा मुलाचा धोका साधारण शंभरात दहाच्या आसपास असतो. तुम्हाला स्वतःला आजार नसेल तर तुमच्या मुलांचा त्याहून बराच कमी. पैसे घेऊन जनुकांची तपासणी करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, एका माणसाचं भविष्य सांगण्याइतकं ते शास्त्र अजून पोचलेलं नाही. गांजाला हात लावू नका, तुमच्यासारख्याने तर अजिबात नाही. आणि झोप उडाली, विनाकारण संशय येऊ लागला, तर लाज न बाळगता मानसोपचारतज्ज्ञ गाठा. उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड.

मी डॉक्टर नाही. वरचे आकडे सरासरीचे आहेत आणि जनुकांचे बरेचसे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. परिस्थितीला काहीच किंमत नाही असंही मी म्हणत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तिच्या ऐन भरात गर्भात आलेल्या मुलांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण पुढे दुप्पट दिसलं.

घरातल्या वागण्याचा परिणाम आजार झाल्यानंतर होतो, आणि चांगलाच होतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवलं की रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाभोवती सतत टीका, राग किंवा अति काळजी असेल, तर नऊ महिन्यांत ५८ टक्के पुन्हा आजारी पडले. शांत घरांत १६ टक्के. म्हणून भावाच्या देखत रक्ताचा हिशेब मांडणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो वयाने कितीही मोठा असो. मी काकांना थांबवलं. त्यांचं येणं-जाणं तेव्हापासून बंद आहे, आणि दादाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत.