साडेचार हजारांचा घसारा

बाबू,

परवा तू तर्रीपोहे अर्धे टाकून उठलास, तेव्हाच कळलं की मी जरा जास्त बोललो. तरी लिहितोय. वयाचा दोष समज.

मोबाइल पुढे करून तू म्हणालास, "काका, सगळे व्हिडिओ झाले. तरी काही येत नाही. मला डोकंच नाही का?" हिरवी पट्टी खरंच शेवटपर्यंत भरली होती. मग मी तुझ्याच हिशेबाच्या धड्यातलं गणित घातलं. यंत्र 50,000 चं, आयुष्य 5 वर्षं, शेवटी मोडीत 5,000 येणार. खरेदी 1 ऑक्टोबरची, हिशेब 31 मार्चला बंद. दरवर्षी सारखा घसारा, म्हणजे वापरानं यंत्राची किंमत उतरते ती. पहिल्या वर्षाचा किती? तू चटकन 9,000 म्हणालास. अरे, यंत्र वापरलं सहाच महिने, म्हणजे 4,500. तू कपाळावर हात मारलास, "हो ना, सरांनी सांगितलं होतं!"

सांगितलंच असेल. तुझ्या हातानं ते कधी लिहिलं गेलं नव्हतं, एवढंच. डोक्याचा प्रश्न कुठं आला?

व्हिडिओ थांबव आणि लिही. सर गणित मांडायला लागले की तिथेच थांबव, पुढचं वहीत स्वतः कर, मग चालू करून ताडून बघ. धडा संपला की मोबाइल पालथा ठेवून आठवेल तेवढं लिही, चुकीचं का होईना. तू म्हणे पावणेदोनपट वेगानं बघतोस. काहून? राष्ट्रीय मुक्त विद्यालयात (एनआयओएस) नाव घातलंस की 5 वर्षं असतात हाताशी, परीक्षेच्या 9 संधी, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा. अर्ध्या तासाच्या धड्याला दीड तास लागला तर लागू दे. थांबव आणि लिही.

'स्वयम'वर, म्हणजे तू धडे बघतोस त्या सरकारी संकेतस्थळावर, व्हिडिओ हा चारातला एक भाग. वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा, हे तीन तू उघडलेसुद्धा नाहीत. शंका तिथे लिहायची लाज वाटते म्हणालास. लिहिताना निम्मी शंका आपोआप सुटते, हे मी तुला परवाही सांगितलं.

आणि ते घरी लिहून द्यायचे स्वाध्याय. 20 टक्के गुण आहेत त्यांना. मित्राचे उतरवणार आहेस ना? तुझ्या चेहऱ्यावरून दिसलं. मी नेमकं तेच केलं होतं. पत्रद्वारा बी.कॉम. करत होतो. पोस्टानं गठ्ठे यायचे, ते नागपूरच्या महाल भागातल्या खोलीत खाटेखाली ढकलायचे. स्वाध्याय एका मित्राचे रात्री बसून उतरवले, अक्षर मात्र झकास! सांख्यिकीत दोनदा गेलो. दिवसभर इतवारीत दुकानाच्या वह्या लिहायच्या, घरी वडील आजारी, वेळ कुठून आणायचा? कोणाच्याही बाबतीत हेच झालं असतं. पण वेळ नव्हता म्हणावं, तर उतरवायला कसा मिळाला? असो. तिसऱ्या वेळी दोनशे पानी वही घेतली, प्रत्येक गणित तीनदा मांडलं आणि सुटलो. तेव्हापासून हा हट्ट धरलाय. बायको म्हणते किराण्याची यादीही मी दोनदा लिहितो. लिहितो, खरं आहे.

मे महिन्यात दुपारी कूलरसमोर आडवं पडून धडे बघू नकोस, पंधराव्या मिनिटाला डोळा लागतो. पहाटे बस, गार असतं, पाठ ताठ राहते.

रविवारी आठला ये. पोहे पुन्हा करायला सांगतो, या वेळी संपवायचे. तेच यंत्र तिसऱ्या वर्षी 30 सप्टेंबरला 30,000 ला विकलं, तर नफा की तोटा, आणि किती? नुसतं उत्तर आणू नकोस, वही आण, खाडाखोडीसकट.

तुझा,
काका