अर्धा किलोच घे

पोरी,

अनेक आशीर्वाद. रात्री तुझं मेक्सिकोतल्या तेस्कोकोहून पत्र आलं आणि मी ते दोनदा वाचलं. काम छान चाललंय, गव्हाचे प्लॉट उत्तम आहेत, माणसं वाईट नाहीत; तरी संध्याकाळी सात वाजले की काय करावं सुचत नाही, असं लिहिलंयस. त्या वेळी इकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. आई दूध तापवता तापवता बोलते, मग तीही कामाला लागते आणि तू पुन्हा चार भिंतींत. डाळ-तांदूळ महिन्यातून एकदा मेक्सिको सिटीतून आणतेस, आठवड्याची भाजी रविवारी सुपरमार्केटमधून भरतेस. आणि विचारतेस की मधेच सोडून यावं का.

फ्रीज रिकामा कर. बाकीचं नंतर बोलू.

सवय होईल, धीर धर वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला मावशीही सांगेल. माझं म्हणणं एकच आहे: लागेल तेवढं रोजच्या रोज आण. तेस्कोको आठवड्याचं सामान भरणाऱ्यांचं गाव नाही. दुपारी एकच्या सुमारास कुठल्याही तोर्तियेरियापाशी, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या (तोर्तियांच्या) दुकानापाशी, जाऊन बघ. यंत्राची खडखड चालू असते आणि बाया फडकं किंवा डबा घेऊन रांगेत उभ्या असतात. अर्धा किलो, किलो, घरात खाणारी तोंडं असतील तेवढं. चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवलेल्या मक्याची ती गरम तोर्तिया संध्याकाळपर्यंत वातड होते. स्टार्चचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. म्हणून सगळं गाव रोज रांगेत येतं, आणि रोज येतं म्हणून एकमेकांना ओळखतं. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर मिठाची वाटी ठेवलेली असते. रांगेतल्याने एक गरम तोर्तिया घ्यावी, मीठ भुरभुरावं, गुंडाळी करून तिथेच खावी. प्लास्टिकच्या पाकिटातल्या तोर्तिया घेणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

दुकानदार तुटक बोलतात, अशी तुझी तक्रार आहे. आत गेल्या गेल्या काय म्हणतेस? ‘हे केवढ्याला?’ हेच ना? अगं, आधी ‘बुएनोस दीयास’ म्हणायचं, दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’, मग भाव विचारायचा. आपल्याकडे भाजीवालीला कोणी सुप्रभात म्हणत नाही, तिकडे न म्हणणारा उद्धट ठरतो. खाणावळीतून उठताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही ‘प्रोवेचो’ (सुखाने जेवा) म्हणून निघायचं. कोम्बीत, म्हणजे वडापसारख्या छोट्या गाडीत, मागे बसलीस तर भाड्याचे पैसे पुढच्याच्या हातात दे. हातोहात ते ड्रायव्हरकडे जातात आणि सुटे तसेच परत येतात. हे मी तिथे असताना प्लॉटवरच्या मजुरांकडून आणि रांगेतून शिकलो. तुझा स्पॅनिशचा वर्ग चालू ठेव, पण क्रियापदं रांगेत पाठ होतात.

‘इथे शाकाहारी माणसाला काही मिळत नाही.’ या वाक्याने मात्र माझं डोकं फिरलं. कृषी विद्यापीठात शिकलेली पोर तू! बाजारात जमिनीवर फडकं टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांसमोर एकदा उकिडवी बस. वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ. त्यांच्या केलितेसमध्ये, म्हणजे रानभाज्यांत, राजगिऱ्याचा पाला सापडेल, चाकवताचा सख्खा भाऊ सापडेल. आलेग्रिया म्हणून विकतात ती राजगिऱ्याची वडीच. हामाइकाचं लालभडक सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं. नोपाल म्हणजे निवडुंगाची पानं आहेत, भोपळ्याची फुलं आहेत. ज्या काणीमुळे (कणसावरच्या बुरशीमुळे) आपण मक्याचं कणीस उपटून जाळतो, तिचं तिकडे केसादियात, म्हणजे दुमडलेल्या तोर्तियेत, सारण होतं. वनस्पतिरोगशास्त्राच्या माणसाला पहिला घास अवघड जातो, दुसरा नाही. हां, एक सांभाळ. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचा रस्सा असू शकतो. तेव्हा विचारून घे. रविवारी सगळं गाव बार्बाकोआ खातं, बोकडाचं-मेंढीचं मांस घायपाताच्या पानांत गुंडाळून खड्ड्यात रात्रभर भाजलेलं. तू खाऊ नकोस, पण त्या गर्दीत जा. रविवारी घरात बसून राहिलीस तर तो खायला उठणारच.

आणि हो, कानातलं ते हेडफोनचं यंत्र काढ. जुनं लोखंड घेणाऱ्या गाडीवरची त्या मुलीची रेकॉर्ड, गॅसवाल्याची आरोळी, रात्री रताळीवाल्याच्या गाडीची शिट्टी, हे ऐकून घरं चालतात. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा गाराफोनसुद्धा एका वेळी एकच घे. पोऱ्या पुन्हा येईल, दोन शब्द बोलेल.

‘आपल्याकडचं कोणी नाही’ असं तू लिहिलंस ते मला टोचलं. तुझ्या बसच्या वाटेवर चापिंगो लागतं. तिथल्या कृषी विद्यालयात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शिकवत होते, 1920च्या दशकापासून. गदर या इंग्रजांविरुद्धच्या चळवळीतला फरारी माणूस, मायदेशी परतायची सोय नाही. त्यांनी मका आणि गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने भाकरीचं चित्र काढलं, त्यात खानखोजे आहेत. रिव्हेराची चापिंगोची भित्तिचित्रं बघितलीस, असं कौतुकाने कळवलंस. आता सुटीत तेही बघून ये. खानखोज्यांना महिन्याचा गोडा मसाला कोणी पाठवत नव्हतं, एवढंच म्हणतो.

माझ्याबद्दल सहकारी काय म्हणत, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दुपारचा तास-दीड तास हा माणूस बाजारात घालवतो, म्हणून याचे पेपर कमी. कमी होते, खरं आहे. बढती उशिरा मिळाली, हेही खरं. पण शेतकरी कुठला मका खायला ठेवतो आणि कुठला विकतो, निळ्या मक्याला उतारा कमी असला तरी बाई तो का सोडत नाही, हे मला त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. परत आल्यावर विदर्भातल्या ज्वारीकडे मी त्याच डोळ्यांनी बघितलं. त्याचा पेपर होत नाही. बायको म्हणते, तुम्ही आळशीपणाला तत्त्व म्हणता. म्हणू दे. ज्यांचे पेपर जास्त होते त्यांच्यातल्या एकालाही आज तेस्कोकोतून पत्र येत नाही, मला येतं. खंत एवढीच की जाण्याआधी हे मला कोणी सांगितलं नाही आणि सुरुवातीचे महिने तुझ्यासारखेच डबे मोजण्यात गेले.

आता तिकिटाचं. डिसेंबर-जानेवारीत निर्णय घेऊ नकोस. गाव सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, घरांत हीटर नसतात, रात्री हाडं गारठतात आणि माणसाला सगळंच निरर्थक वाटायला लागतं. एक जाड गोधडी बाजारातून आण. 1 आणि 2 नोव्हेंबरला घरमालकिणीने मृतांसाठी वेदी मांडली की झेंडू घेऊन जा. त्याचं मूळ तिकडचंच, दसऱ्याला आपण तोरणं लावतो तीही त्याचीच. मार्चपर्यंत थांब. तेव्हाही जावंसं वाटलं तर खुशाल ये, मी स्वतः मार्गदर्शकांना पत्र लिहीन. पण भरलेल्या फ्रीजवरून घेतलेला निर्णय मला सांगू नकोस.

उद्या तोर्तिया कुठून घेतल्यास आणि रांगेत पुढे कोण होतं ते कळव. अर्ध्या किलोच्या वर घेतल्या असतील तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
सर