आना मौरा जे गाते, त्याला फादो म्हणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजीत फादोची, म्हणजे पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराच्या पारंपरिक गाण्याची, मैफल ऐकली, काळी शाल, दोन गिटारी, डोळे मिटून गाणारी बाई. फार आवडलं. मग घरी येऊन पोर्तुगीज गायिका आना मौराचा 'काझा गिलेर्मिना' हा २०२२चा अल्बम लावला, तर त्यात यंत्रावरचे ठेके आणि नाचायला लावणारी लय. हे फादो मोडणं नाही का?

माझ्या मते नाही. त्या अल्बममधली बरीचशी गाणी फादो नाहीत, हे खरं आहे. पण गाणारी बाई फादोतलीच आहे. ते ओळखायचं तर ठेक्याकडे न बघता ती शब्द कुठे टाकते, तिकडे कान द्यावा लागतो.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं लिस्बनला होतो. तिथल्या आल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका छोट्या खाणावळीत शुक्रवारी जायचो. गाणं सुरू व्हायच्या आधी दिवे मंद होत, मालकीणबाई सगळ्यांना गप्प करत आणि अर्धवट उचललेला काटा ताटात अलगद ठेवावा लागे. माझी जागा वादकांना लागून असायची. पोर्तुगीज गिटारला बारा तारा असतात, दोन-दोनच्या सहा जोड्या. वरच्या टोकाला पंख्यासारखा उघडलेला धातूचा भाग असतो आणि त्यावरच्या बारा स्क्रूंनी तारा लावतात. वादक अंगठ्यात आणि तर्जनीत कृत्रिम नख्या चढवतो, सतारीच्या नखीची आठवण यावी अशा.

जुन्या फादोच्या मूळ चाली मोजक्या. मेनोर, कोरिदो, मोरारिया ही त्यातली मुख्य नावं. चाल एकच असते, त्या वृत्तात बसणारी कुठलीही कविता तिच्यावर गाता येते, आपल्या ओवीसारखी. म्हणजे चाल सगळ्यांना पाठ असते. मग गायकाचं स्वतःचं काय? ओळ कुठे रोखायची, कुठला शब्द ओढायचा, कुठे वळण घ्यायचं, हे त्याचं. याला तिकडे 'इश्तिलार' म्हणतात. आपण 'काय जागा घेतली!' म्हणतो ना, तेच. एकदा साठीच्या एका बाईंनी ओळीचा शेवटचा शब्द इतका लांबवला, की गिटारवाल्याने हात तारांवरून उचलून धरला, त्यांच्या पाठीकडे बघत थांबला, आणि त्यांचा सूर खाली उतरला तेव्हाच तार छेडली. मला फादो त्या क्षणी कळला.

आता आना मौरा. तिचा जन्म १९७९चा. लिस्बनच्या फादो-घरांत रोज रात्री गाऊन तयार झालेली. आवाज खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा. २०१२ साली तिने 'देशफादो' हा अल्बम काढला. निर्माता अमेरिकन, लॅरी क्लाइन. सोबत ड्रम, कीबोर्ड, काही गाणी चक्क इंग्रजी. नावातच गंमत आहे: फादोच्या आधी 'देश' हा नकाराचा उपसर्ग, म्हणजे जणू उसवलेला फादो. हे शीर्षकगीत पेद्रु दा सिल्व्हा मार्तिंश यांनी लिहिलंय, आणि मला ते फार मोठं गाणं वाटतं. फादोचा प्राण म्हणजे 'सौदाद', आपली हुरहूर. या गाण्यात हुरहुरीचीच उलटापालट होते: आनंदामुळे दुःख होतं, दुःखात आनंद मिळतो. आजच्या माणसाला स्वतःच्या भावनेबद्दल जो गोंधळ असतो, तो फादोत इतक्या मोकळेपणी क्वचितच आला होता. मला आधुनिकपणा इथे दिसतो. ड्रम काय, कुणीही आणतं.

आणि ठेक्याचं म्हणाल, तर इतिहास तिच्याच बाजूचा आहे. फादो लिस्बनच्या वस्त्यांत गाणं म्हणून रुजला तो एकोणिसाव्या शतकात. तिथल्या मोरारिया वस्तीतली मारिया सेव्हेरा ही फादोची पहिली गाजलेली गायिका १८४६ साली ऐन विशीत गेली, आणि काळी शाल तिच्या आठवणीची मानतात. पण त्याआधी ब्राझीलमध्ये 'फादो' हा नाच होता, त्यात आफ्रिकन गुलामांच्या तालांचा मोठा वाटा होता, असं अनेक अभ्यासक सांगतात. आना मौराचं आजोळ अंगोलाचं. गिलेर्मिना हे तिच्या आजीचं नाव, आणि 'काझा' म्हणजे घर. त्या अल्बममध्ये अंगोलाचे सेंबा आणि किझोंबा हे नाचाच्या संगीताचे प्रकार येतात, ते मला तरी उसने वाटत नाहीत. नात आजीच्या घरी गेली आहे.

शिवाय एक लक्षात घ्या. पोर्तुगालमधल्या १९७४च्या क्रांतीनंतर फादोला जुन्या हुकूमशाही राजवटीचं गाणं समजून कित्येक तरुणांनी पाठ फिरवली होती. १९९९मध्ये फादोची सर्वांत नावाजलेली गायिका आमालिया रॉद्रिगीश गेल्या तेव्हा तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा होता. मग २००१मध्ये मोझांबिकात जन्मलेल्या मारिझाचा पहिला अल्बम आला आणि नवी पिढी परत वळली. २०११मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत फादोचं नाव लागलं. परंपरा जपणारे आणि तिला हलवणारे, दोघांनी मिळून ती जिवंत ठेवली आहे. गोव्यात सोनिया शिरसाट फादो गातात, नव्या मुलांना शिकवतात, त्यांच्याबद्दलही मला हाच आदर आहे.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. आधी आना मौराचं २००७चं 'उश बूझियुश' ऐका, कवड्या टाकून भविष्य सांगणाऱ्या बाईचं. साज अगदी साधा आहे. मग 'देशफादो'. शेवटी 'आंदोरिन्याश', म्हणजे पाकोळ्या, २०२१चं. हेडफोन लावून ऐका. खाली ठेका नेटाने चालू असतो आणि ती मात्र त्याच्या घाईत सामील होत नाही, एखादा शब्द मागे ओढून धरते, मग सोडते. तेवढीच जागा पुन्हा मागे नेऊन दोन-तीनदा ऐका.