आईचं वय ७९, वरचं बीपी १६८, त्रास काहीच नाही. गोळी सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं बीपी दोन-तीनदा १६८/७२ च्या आसपास आलं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पण नातेवाईक म्हणतात, "वय अधिक शंभर, एवढं चालतंच." शिवाय गोळीनं चक्कर येऊन त्या पडल्या तर, ही धास्ती आहेच.

मी फिजिशियन आहे आणि माझे बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे आहेत. माझं मत विचाराल तर गोळी सुरू करा. फक्त त्याआधी त्यांचं बीपी उभं राहूनही मोजून घ्या.

"वय अधिक शंभर" हा हिशोब कधीच मोडीत निघालाय. वय वाढतं तशी महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, ताठर होते. हृदयानं रक्त ढकललं की ती पूर्वीसारखी फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि दोन ठोक्यांच्या मधे तिच्यात दाब टिकत नाही, म्हणून खालचा उतरतो. १६८/७२ हे अगदी ठरावीक चित्र. खालचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. या वयात पक्षाघाताचा धोका वरच्या आकड्यावरून जास्त कळतो.

उपचारांचा फायदा होतो का, हे तपासून झालंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हायव्हेट' चाचणीत ८० वर्षं आणि त्यापुढचे ३,८४५ लोक होते. बीपीची गोळी इंडापामाइड, गरज पडली तर जोडीला पेरिंडोप्रिल ही दुसरी, आणि लक्ष्य १५०/८०. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं) ६४ टक्क्यांनी कमी झालं. पण या चाचणीतली एक अट सहसा कुणी सांगत नाही. उभं राहिल्यावर ज्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली जायचं, त्यांना घेतलंच नव्हतं.

म्हणून मी उभ्याच्या बीपीवर एवढा अडून बसतो. पाच मिनिटं शांत बसवून मोजायचं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर आधी त्याचं कारण शोधायचं. मागे एक आजोबा आले होते. बसून १५६, उभं राहिल्यावर ११८, आणि हात टेबलाची कड चाचपतोय. पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या. प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी निघाली, जी बीपीही पाडते. आणि अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी दोन वेगळ्या नावांनी दोनदा चालू होती! नवीन काहीच द्यावं लागलं नाही, उलट एक गोळी कमी केली.

तेव्हा तुम्हीही पिशवी घेऊन जा, गुडघेदुखीच्या गोळ्यांसकट. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी बीपी चढतं, किडनीवर ताण येतो, आणि दुकानातून परस्पर घेतल्यामुळे डॉक्टरांना त्यांचा पत्ताच नसतो.

घरच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, गप्पा बंद. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. दवाखान्यात १६८ आणि घरी १३० असाही प्रकार असतो, त्याला लगेच गोळी लागत नाही.

गोळी कोणती, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. माझी पद्धत कमी डोसनं सुरुवात करून सावकाश वाढवण्याची. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजू शकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गोळी सुरू झाल्यावर आई अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासा. मीठ कमी करावंच, पण पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठ किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

किती खाली आणायचं? धडधाकट, हिंडत्या-फिरत्या असतील तर १४० च्या आत, आणि सोसलं तर १३० पर्यंत. फार थकलेल्या असतील, सारख्या पडत असतील, तर १५० वरही मी समाधान मानतो.

आणि एखाद्या संध्याकाळी मशीननं १८५ दाखवलं, बाकी काही होत नसेल, तर जास्तीची गोळी देऊ नका. शांत बसवा, थोड्या वेळानं परत मोजा, तरी उतरलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही असेल तर मात्र मशीन बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.