लिव्हर ओढला तरी टाकीचं झाकण उघडेना!

प्रश्न : नमस्कार काका. आमच्याकडे १९९२ ची माझदा एमएक्स-५ आहे, दोन सीटची, कापडी टपाची बुटकी गाडी, १.६ इंजिनवाली. मामा इंग्लंडहून कायमचे परत आले तेव्हा सोबत घेऊन आले होते, आता त्यांचे गुडघे इतक्या खाली बसायला नको म्हणतात म्हणून चावी माझ्याकडे आलीये. मागच्या रविवारी मुंबई नाक्याजवळच्या पंपावर गाडी लावली, पेट्रोलच्या झाकणाचा लिव्हर ओढला तर काहीच नाही, परत ओढला तरी नाही, मागे रिक्षावाले हॉर्नवर हॉर्न. पंपावरचा पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत आला, मी त्याला हात जोडले आणि गाडी तशीच घरी आणली. काटा पावच्या खाली आहे. एका गॅरेजमध्ये दाखवली तर तो म्हणाला उचकटून काढू, मग डेंटिंग-पेंटिंग करून देतो, लाल तर रंग आहे, मॅच होऊन जाईल. पार्ट तर इकडे मिळतच नाहीत. लिव्हर ओढताना जरा जड लागतो आणि मागे कुठेतरी बारीक ‘खट्’ असा आवाज येतो. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : अरे बाबा, पहिल्यांदा त्या पोराला हात जोडलेस त्याबद्दल तुला शंभर मार्क. आणि ‘लाल तर रंग आहे’ म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नकोस. तीस वर्षं उन्हात उभा राहिलेला लाल आणि डब्यातून काढलेला ताजा लाल शेजारी शेजारी ठेवले की लांबूनसुद्धा ओळखू येतात, मग तो म्हणणार आता अख्खं मडगार्डच मारून घेऊ. झाकणाचं काम राहिलं बाजूला, तू आपला बिल भरत बस.

आता तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू शेवटी लिहिलंयस, ‘खट्’ आवाज येतो ते. तो आवाज येतोय म्हणजे केबल तुटलेली नाही, लिव्हरची ओढ मागेपर्यंत पोचतेय आणि पिन हलतेय. पूर्ण हलते की अर्धी ते पुढे बघू.

आत काय असतं ते सांगतो. या गाडीत दोन सीटच्या मधे जो छोटा खण आहे, चावीने लॉक होणारा, त्यात लिव्हर. लिव्हरपासून मागच्या डाव्या मडगार्डपर्यंत केबल जाते, सायकलच्या ब्रेकसारखी, बाहेरून आउटर आणि आत तारेची इनर. केबलच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली पिन, ती झाकणाच्या आतल्या जिभेला अडकून बसते. लिव्हर ओढला की पिन मागे सरकते. पण पिन सरकली म्हणजे झाकण उघडलं असं नाही, इथेच सगळे फसतात! झाकण बाहेर ढकलायचं काम पिन करतच नाही, ते काम एका पातळ लोखंडी पट्टीचं, ती आतून झाकणाला टेकलेली असते आणि पिन सुटली की झाकणाला टुणकन बाहेर उडवते. तीस वर्षांत ही पट्टी गंजते, चपटी होते, कधी तुकडाच पडतो. मग होतं काय, तू लिव्हर ओढतोस, पिन सुटते, झाकण जागचं हलत नाही कारण त्याला ढकलायला कोणी नाही, तू लिव्हर सोडतोस, पिन परत येऊन जिभेला अडकते, आणि तू उतरून मागे जाऊन बघतोस तर झाकण बंद. एकट्या माणसाला हे कधीच दिसणार नाही, कारण लिव्हर पुढे आणि झाकण मागे.

म्हणून दोन माणसं घे. मामांना घे, त्यांना गाडीत बसावं लागणार नाही, मागे उभं राहू दे. तू लिव्हर ओढून धरून ठेव, सोडायचा नाही, आणि मामांनी तळहाताने झाकण आधी आत दाबायचं मग सोडायचं, दाबायचं सोडायचं, पाच-सात वेळा. दाबल्याने पिनवरचा भार जातो, घट्ट बसलेल्या दरवाजाला आत ढकलून कडी काढतो ना आपण, तसंच. तरी नाही आलं तर कडेला जरा जाड टेप चिकटवून त्याची जीभ बाहेर ठेवा आणि ती ओढा, किंवा जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवा. स्क्रू ड्रायव्हर नाही, चमचा नाही, घरातली सुरी तर नाहीच नाही. कार्ड वाकलं तर वाकू दे, पत्रा वाकला तर तो सरळ होत नाही.

माझा अंदाज, तुझं यातच उघडेल.

नाही उघडलं तर मग पिन अर्धीच सरकतेय असं समज, तू म्हणतोस जड लागतं त्यावरून तेही शक्य आहे. केबलची इनर ताणली गेली की लिव्हरचा अर्धा खेळ ढिलाई काढण्यातच जातो. किंवा लिव्हरजवळ आउटर तिच्या खाचेतून निसटलेली असते, मग इनरऐवजी अख्खी केबलच सरकते. कन्सोलचे स्क्रू काढ, लिव्हर उघडा कर आणि आउटर खाचेत बसलीये का बघ. बसली असेल तर नोज प्लायरने इनर थेट पकडून लिव्हरच्या दिशेनेच ओढ, हळू, एका रेषेत. लिव्हरपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त ओढ मिळते आणि बऱ्याचदा तेवढीच कमी पडत असते. हे करताना मामा मागे झाकणावर पाहिजेतच, विसरू नकोस.

यानेही नाही झालं तर डिकीच्या आतून, डाव्या बाजूचं कार्पेट आणि मागचं कव्हर काढून, फिलर पाइपच्या अंगाने वर हात घालावा लागतो. हे मात्र निवांत रविवारचं काम आहे. तिथे ड्रिल, ग्राइंडर, हॉट एअर गन काहीही चालवायचं नाही, पेट्रोलची वाफ आहे तिथे. आणि या गाडीची बॅटरी पण डिकीतच आहे, उजव्या कोपऱ्यात, लोखंडी पाना घेऊन आत वाकण्याआधी तिची निगेटिव्ह वायर काढून ठेव.

बरं, उघडलं. आता लगेच पंपावर पळू नकोस, आणि मुख्य म्हणजे झाकण परत लावू नकोस! आधी ती पट्टी बघ. शाबूत असेल तर बोटाने थोडी बाहेरच्या बाजूला वाकव, थोडीच, गंजलेली पट्टी एकदाच वाकते, दुसऱ्यांदा हातात येते. पिनवर आणि बिजागरीवर आधी जुना चिकटा साफ कर आणि मग ग्रीसचं बोट. लोक डब्ल्यूडी-४० मारून मोकळे होतात. ते गंज सोडवायला छान आहे पण टिकणारं वंगण नाही, ते उडून जातं आणि आपल्याकडे सिंहस्थाच्या कामांनी निम्मं नाशिक खणून ठेवलंय, ती धूळ जाऊन बसते, दोन महिन्यांनी परत जड. पिनला व्हाइट लिथियम ग्रीस, आणि झाकणाच्या कडेला रबरी बटण असतं त्याला सिलिकॉन. साधं ऑइल रबराला लावलं की ते फुगतं आणि चिकटतं, कधी कधी झाकण अडकायचं कारण तेवढंच असतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यात येतो तेव्हा जुनं ग्रीस खवा होऊन बसतं, ते वेगळंच.

त्या खळग्यात खाली पाणी जायला एक भोक असतं, ते तारेने मोकळं कर. तिथे पाणी साचतं म्हणूनच पट्टी गंजते. आणि हात घातलाच आहेस तर सीटच्या मागे कापडी टपाच्या पाण्याच्या वाटा आहेत त्या पण साफ कर, या गाडीचं ते जुनं दुखणं आहे, वाट तुंबली की पाणी दाराखालच्या पत्र्यात उतरतं आणि आतून सडवतं. इगतपुरीच्या पावसात ही गाडी नेणार असशील, आणि तुझं वय बघता नेणारच, तर हे आधी.

पार्ट मिळत नाही म्हणतोस, माझदा आपल्याकडे गाड्या विकत नाही हे खरं, पण ही काही दुर्मिळ गाडी नाही रे. १९८९ ला आली, सगळ्या पिढ्या मिळून २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा झाला, आणि २०१७ ला तर कंपनीने स्वतः जपानात या पहिल्या पिढीसाठी रिस्टोरेशनचं काम जाहीर केलं. पट्टी नाहीतर केबल बाहेरून मागवता येते, पाकिटात मावणारी वस्तू आहे. तोपर्यंत सातपूर नाहीतर अंबडला एखाद्या स्प्रिंगवाल्याकडे जुना तुकडा दाखव, तसली स्प्रिंग स्टीलची पट्टी तो कापून वाकवून देईल. इनर तुटलीच तर जुन्या स्कूटरच्या गिअर वायरमधून बनते, टोकाचा मणी तेवढा नीट बसव.

आणि काटा पावच्या खाली घेऊन फिरायची सवय सोड. तुझी टाकी ४५ लिटरची, त्यातला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

---

प्रश्न : काका, माझा प्रॉब्लेम उलटा आहे. जुनी मारुती झेन, झाकण उघडतं पण बंदच राहत नाही, स्पीड ब्रेकरवर आपोआप उघडतं. सध्या सेलोटेप लावलाय, ऑफिसमध्ये सगळे हसतात.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, हसू दे त्यांना. तुमची पिन मागे सरकून तिथेच अडकलीये. झाकण उघडं ठेवून बोटाने पिन आत दाबून बघा, सोडल्यावर टुणकन बाहेर आली पाहिजे. नाही आली तर सीटखालचा लिव्हर पूर्ण खाली बसतोय का ते आधी बघा, पायपुसणीची कड त्यात अडकलेली असते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता गाडी आली की पहिली पायपुसणीच उचलतो. ते नसेल तर पिन साफ करून ग्रीस. आणि मागे कधी त्या बाजूला डेंटिंग झालं असेल तर झाकण जरा बाहेर बसतंय, बिजागरीचे स्क्रू ढिले करून आत सरकवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

---

प्रश्न : माझ्या मित्राची जुनी ऑडी टीटी आहे, पहिली पिढी. त्यात लिव्हरच नाही, बटण आहे. ते अडकलं तर?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बटण दाबल्यावर मागे आवाज येतो का ते ऐका. अजिबात नाही आला तर पहिला फ्यूज, मग वायर, मग मोटर, याच क्रमाने. आवाज आला आणि उघडत नसेल तर वर लिहिलेलाच उपाय, एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने झाकण. या गाडीत अडीनडीला डिकीत उजव्या बाजूच्या ट्रिममागे ओढायची दोरी दिलेली असते. मित्राला म्हणावं आजच शोधून ठेव, हळूच ओढून बघ आणि ती कुठे आहे ते मॅन्युअलच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेव. कसारा घाटात रात्री साडेअकराला टॉर्च तोंडात धरून ट्रिम उचकटायची वेळ माझ्यावर आली होती, दोरी सापडली तेव्हा ट्रिमच्या चार क्लिपांपैकी तीन गेल्या होत्या.